माझा बा कशानं मेला

माझ्या मायचा पाय प्रकाशभाऊंनी घोट्यापाशी धरून ठेवला होता. माय ओढत होती, ते सोडत नव्हते. खाली परात. परातीत कोमट पाणी. समोर हॅना गुडघे टेकून बसलेली, खांद्यावर पांढरा टॉवेल. हॅना परदेशातली पोरगी, माझ्याच वयाची, दर शनिवारी आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवायची. प्रकाशभाऊ त्या वर्गाचे इथले प्रमुख. हॉलमध्ये हॅनाच्या देशातून आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. काहींनी मोबाइल वर धरले होते.

“कायले पाय धुता?” माय म्हणाली. “मी मेली नाई अजून.”

हॅनाने मान वर केली. ही काय म्हणाली, हे तिला समजून घ्यायचं होतं. प्रकाशभाऊंनी विचारसुद्धा केला नाही. पाहुण्यांकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, ही बाई म्हणते आहे, आज मी पुन्हा जिवंत झाले.

टाळ्या वाजल्या. एक म्हातारी बाई डोळे पुसू लागली. मायला वाटलं, आपलं म्हणणं यांना पटलं, म्हणून टाळ्या. ती पाय ओढायची थांबली. हॅनाने तो पाण्यात घेतला.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला मायचंही वाक्य कळलं होतं आणि प्रकाशभाऊंचंही.

आमच्याकडे दुसऱ्याचे पाय धुतात ते लग्नात जावयाचे. माय काही कोणाचा जावई नव्हती. नाहीतर मग मढ्याला शेवटची आंघोळ घालताना धुतात. मायने अखेरचे पाय धुतले ते माझ्या बाचे. अंगणात, बाजेवर ठेवलेल्या बाचे. म्हणून ती तसं बोलली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, ती घाबरली होती.

हॅनाच्या धर्मात पाय धुणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे मला ठाऊक होतं. तिने आधी सांगितलं होतं. आपण कोणापेक्षा मोठे नाही, हे दाखवायचं असतं म्हणे. तिच्या मनात खोट नव्हती, आजही मी तसं म्हणणार नाही. पण मायला कोणी विचारलं नव्हतं. कार्यक्रम आहे, चल, एवढंच सांगून तिला आणलं होतं.

सकाळी निघताना मायने हातपंपावर बसून वजरीने टाचा घासल्या. पाहुण्यांकडे जायचं म्हणून. ठेवणीतली जांभळी साडी नेसली. ती पाहून प्रकाशभाऊ जिन्याच्या तोंडाशीच माझ्यावर चिडले. “कामावरच्या साडीत आण म्हटलं होतं ना तुला?” म्हटलं होतं. मी ते मायला सांगितलंच नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगू? आणि परातीतलं पाणी, सांगते, शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. बारावी झाली आणि मी घरी बसले. घरी बसले म्हणजे वेचणीला जाऊ लागले. मुलगी घरी बसली असं म्हणतात ते वरच्या आळीत, आमच्या वस्तीत घरी बसायला घर तेवढं मोठं नाही. कापूस टाकायला पोटाशी फडक्याची ओटी बांधायची, ओळ धरायची, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची. मला नर्स व्हायचं होतं. कोणीतरी सांगितलं, राळेगावात गोरी पोरं आली आहेत, शनिवारी फुकट इंग्रजी शिकवतात. मी एसटीत बसले.

हॉल होता कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर. खाली कपाशीवर फवारायची औषधं विकायचे. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. जिना चढताना वास यायचा. मी ओढणी नाकाला लावून चढायचे. वर गेलं की गिटार, कॅरम, बिस्किटं आणि इंग्रजी. गोल करून बसायचं. हॅना विचारायची, आज काय केलंस? मी सांगायचे, कापूस वेचला. उद्या काय करणार? कापूस वेचणार. सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे पुढे मी जास्त बोलू लागले.

गावात बाया विहिरीवर टोमणा मारायच्या. “बाटली का वं?” मायच उत्तर द्यायची. “बाटली नाई, बोलून राह्यली. तुमच्यावानी मुकी नाई माही पोरगी.”

मला तिथे देव बदल असं कोणी म्हटलं नाही. शेवटी एक गाणं व्हायचं, प्रार्थना व्हायची. मी कधी डोळे मिटायचे, कधी मिटायचे नाही. आम्ही बुद्धविहारात जाणारे, हे हॅनाला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ती बरं म्हणाली. प्रकाशभाऊ म्हणाले होते, तुझं इंग्रजी असंच चालू राहिलं तर नागपूरला नर्सिंगला लावून देऊ, राहायची सोय आपल्याकडे आहे. मी त्या आशेवर जात होते, हे लपवत नाही. पण तेवढ्याचसाठी जात नव्हते. हॅना प्रश्न विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत माझ्याकडे बघायची. वरच्या आळीतलं कोणी माझ्याकडे बघून बोललेलं मला आठवत नाही. कामाला बोलवायला येतात तेव्हासुद्धा रस्त्यावरून घराला हाक मारतात.

एका शनिवारी तिने वडिलांबद्दल विचारलं.

माझा बा मजूर होता. जमीन आमच्याकडे नव्हती, आजोबाकडेही नव्हती. मालकाच्या कपाशीत बा पंप पाठीवर घेऊन फवारायचा. बा गेला त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीने मालक वरचेवर फवारायला लावत होता, जालीम औषधं एकात एक मिसळून. तोंडाला बांधायला बाजवळ मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. वारा फिरला की सगळं तोंडावर यायचं. त्या संध्याकाळी बा घरी आला तो कुडाच्या भिंतीला हात लावत लावत. “मले दिसून नाई राह्यलं वं,” म्हणाला. मग उलट्या सुरू झाल्या.

मालकाने आपल्या गाडीतून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. मायने तोंड उघडलं होतं. पण मालक बोलला.

“औषध पेलं असन यानं. घरात भांडण झालं असन. ह्या लोकाइचा काय भरोसा.”

पोलीस आला, त्यालाही त्याने हेच सांगितलं. बा गेला. गावात मालकाचं वाक्य राहिलं. आपल्या हाताने औषध घेतलं म्हणे. त्याचा पंप, त्याचं औषध, त्याची कपाशी, यातलं काही कोणी बोललं नाही. उलट बाया मायकडे अशा बघायच्या, जणू तिनेच पेला हातात दिला. कशावरून भांडले वं तुम्ही, असं एकीने मौतीला येऊन विचारलं. तिसऱ्या दिवशी नाही, माती व्हायच्या आधी. आणि माय पुढच्या हंगामात त्याच मालकाच्या शेतात वेचणीला गेली. दुसरीकडे कुठे जाणार होती?

हे सगळं मी हॅनाला सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. पंप म्हणजे काय ते उठून दाखवलं, पाठीला अडकवल्यासारखं करून, दांडा वरखाली करून. ती रडली. माझा हात हातात घेऊन बसली. बा गेल्यापासून मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि हिने विचारलंही आणि मानलंही. त्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसून घरापर्यंत रडले. बरं वाटलं.

नंतर ती आमच्या घरी आली, वेचणीला आली, फोटो काढले. मायने तिला भाकर खाऊ घातली.

आणि आता ती मायचे पाय पुसत होती. पुसून झाले तशी ती बाजूला सरली. प्रकाशभाऊंनी पडद्यावर फोटो लावला. माय शेतात उभी, पोटाशी ओटी कापसाने फुगलेली, उन्हाने डोळे बारीक झालेले. खाली इंग्रजी ओळी. प्रकाशभाऊ मोठ्याने वाचू लागले. मीही वाचत होते. ही एका शेतकऱ्याची विधवा. कापूस बुडाला. नवरा निराश झाला. त्याने विष पिऊन जीव दिला. आता ही बाई आणि तिची मुलगी आशेचा मार्ग शोधत आहेत.

मी पुन्हा वाचलं. माझं इंग्रजी चुकत असेल असं वाटलं. चुकत नव्हतं.

मायने माझा हात ओढला. तिचाच फोटो एवढा मोठा बघून ती लाजली होती. “काय लिवलं हाये वं?”

खोटं सांगता आलं असतं. तुझं कौतुक लिहिलंय म्हटलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. मी नागपूरला गेले असते. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. “लिवलं हाये का बा शेतकरी होता. अन् त्यानं औषध पेलं.”

माय पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मला हळूच विचारलं.

“मालक आलता का अथी?”

तिला वाटलं, मालकानेच येऊन यांना सांगितलं. दुसरं कोण सांगणार? इतक्या लांबून आलेल्या माणसांचं माझ्या बाशी काय वैर? हे वाक्य तिने पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. दवाखान्याच्या दारात ऐकलं, आणि आता राळेगावात, नुकत्याच धुतलेल्या पायांनी खुर्चीवर बसून पुन्हा ऐकत होती. तिची नजर दाराकडे गेली. ती खरंच मालकाला शोधत होती.

माझं डोकं फिरलं. मी पुढे गेले. इंग्रजीत बोलले, कारण त्यांना तेच कळतं आणि त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

मी म्हणाले, माझा बाप शेतकरी नव्हता. त्याच्याकडे शेत नव्हतं. तो विष प्यायला नाही. दुसऱ्याच्या कपाशीत फवारताना ते त्याच्या अंगात गेलं. हे मी तुमच्या पोरीला सांगितलं होतं. आणि माझी आई पुन्हा जिवंत झाले असं म्हणाली नाही. ती म्हणाली, मी मेले नाही, माझे पाय का धुता?

मग ती मघाची म्हातारी बाई प्रकाशभाऊंकडे झुकली आणि तिने विचारलं, ही मुलगी काय म्हणते आहे?

मी इंग्रजीत बोलले होते. साफ बोलले होते. तरी तिने मला विचारलं नाही, त्यांना विचारलं. आणि प्रकाशभाऊंनी माझं इंग्रजी पुन्हा इंग्रजीत करून सांगितलं. वडिलांच्या आठवणीने तिचं मन भरून आलं आहे, आपण सगळे तिच्यासाठी प्रार्थना करू या. पाहुण्यांनी डोळे मिटले. प्रकाशभाऊ माझ्याकडे वळले तेव्हा रागाने त्यांची पांढरकवड्याकडची बोली बाहेर आली. “बस खाली. तुह्यासाठीच चालू हाये हे सगळं.”

मी बसले नाही. मायला उठवलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना आम्ही दोघी मधून चालत गेलो. तिच्या चपला सापडेनात. कोणीतरी खुर्चीखाली सरकवल्या होत्या. मी वाकून, खुर्च्यांमध्ये हात घालून शोधल्या आणि तिच्या पायापुढे ठेवल्या.

जिन्यात प्रकाशभाऊंनी गाठलं. आता ते शांत होते. समजूत घालू लागले. “फवारणी त्याइले समजत नाई वं. आत्महत्या म्हटलं का लगेच समजते. यवतमाळ म्हटलं का त्याइले तेच माहीत हाये. दुःख पोचवाचं असते.” ते स्वतः गरिबीतून वर आले होते, टोमणे खाऊन शिकले होते, हे त्यांनीच आम्हाला कितीदा सांगितलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आमच्या गावात कमी नव्हते. पण तिथे कोणी ते तुझ्याच भल्यासाठी म्हणून खात नव्हतं.

हॅना स्टँडवर आली. धापा टाकत, रडत. माफ कर म्हणाली. पडद्यावरचं वाक्य तिने लिहिलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. बदललं तेव्हा तिने विचारलंही होतं, मग गप्प बसली. आणि मग ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, पण दुःख तर तेच आहे ना? वडील तर गेलेच ना?

दुःख तेच नाही. आत्महत्येत मालक नसतो. त्यात एक माणूस असतो, त्याची निराशा असते आणि बघणाऱ्यांची दया असते. पंप कोणाचा, औषध कोणी मिसळलं, तोंडाला बांधायला चिंधी का, हे कोणी विचारत नाही. ज्याने मारलं तो त्यातून अलगद निघून जातो आणि मेलेल्यावरच मारल्याचा आळ येतो. माझा बा मेला एकदा, पण मारला दोनदा. एकदा मालकाने, स्वतःला वाचवायला. एकदा चांगल्या माणसांनी, आमच्यावर प्रेम करायला.

हे तिला इंग्रजीत सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मी नाही एवढंच म्हणाले. तिने मला मिठी मारली आणि मी तशीच उभी राहिले. ती मला आवडायची. अजूनही आठवते.

एसटीत माय खिडकीशी बसली. मला वाटलं, आता म्हणेल की बरं केलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नर्स झाली असती वं तू.”

प्रकाशभाऊंनी नंतर निरोप पाठवला होता, येऊन माफी माग, बाकी सगळं आहे तसंच आहे. मी गेले नाही. नर्सिंग गेलं ते गेलं. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. नाही वाटत म्हणणारी बाई खोटं बोलते.

पण एक खटकत राहिलं. परदेशी पाहुण्यांपुढे मी उभी राहिले, त्यात काय मोठं? ते विमानात बसून निघून जाणार होते. ज्याने ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं, तो रोज शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा असायचा आणि त्याच्यापुढे मी मान खाली घालून बोंडं वेचत होते.

कापसाच्या पुढच्या वेच्याला मालक धुऱ्यावर आला. ओळीत वस्तीतल्या सगळ्या बाया होत्या. माझ्यावर खेकसला, “काय वं इंग्रजी मॅडम, हात चालव.” बाया हसल्या. मी ओटी सोडली, खाली ठेवली.

“माह्या बानं पेलं नाई,” मी म्हणाले. “तुमच्या कपाशीत, तुमच्या औषधानं मेला तो. तुम्हाले माहीत हाये. ह्या सगळ्याइले माहीत हाये.”

कोणी हसलं नाही. मालकाने शिवी दिली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला, दोघीही. मायने मान वर केली नाही. पण तिने आपली ओटी सोडली आणि माझ्या ओटीशेजारी ठेवली. आम्ही निघालो तेव्हा मागून कोणी आलं नाही. त्यांच्या घरी चुली होत्या. मी त्यांना दोष देत नाही.

त्यानंतर आम्हाला गावात काम मिळेना. लांब राजूरकडे, खाणीच्या वाटेवरच्या शेतांत जावं लागलं. माय खंगली. बाचं नाव साफ झालं असंही म्हणता येत नाही. वरच्या आळीत अजून तेच चालतं, त्यानं औषध घेतलं.

पण वस्तीत आता तसं कोणी म्हणत नाही. आणि फवारणीच्या दिवसांत कोणाला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधार आला, की पहिली हाक मला येते. मी असेन तशी निघते. गाडी मालकाची असो की कोणाची, मी चढते. डॉक्टरांनी विचारलं की मीच बोलते. फवारताना झालं. यांच्या शेतात. हे औषध होतं. पोलीस आला की त्यालाही हेच. मालक बाजूला उभा राहून खोकत असतो.

मागच्या हंगामात एका मालकाने मला दवाखान्याच्या दारात अडवलं. “तू कोण लागते वं याची?”

“कोणी नाई,” मी म्हणाले. “पण याले काय झालं ते तुम्हाले सांगू नाई देत मी.”